चवदार तळ्याचा दावा

महाड येथील चवदार तळ्याचें पाणी डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनीं २० मार्च १९२७ रोजीं ओंजळींत घेतलें, ही गोष्ट महाराष्ट्रांत लहान मुलांनाहि ठाऊक आहे. त्या ओंजळीपायीं पुढें दिवाणी दावा लागला, तो महाडच्या कोर्टांतून ठाण्यास व ठाण्याहून मुंबईच्या हायकोर्टांत गेला, आणि त्याचा अखेरचा निकाल १७ मार्च १९३७ रोजीं, म्हणजे दहा वर्षांना तीन दिवस कमी असतांना, लागला, हें मात्र थोड्यांनाच माहीत असतें. सभा, मिरवणुका आणि मारामाऱ्या लोकांच्या स्मरणांत राहतात. तारखा, कैफियती आणि अपिलें राहत नाहींत.

डॉ. आंबेडकर १९२२ सालीं लंडनच्या ग्रेज इन्‌मधून बॅरिस्टर झाले आणि १९२३ सालीं मुंबईस वकिली करूं लागले. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडवर बॅरिस्टराचा धंदा त्या काळीं सर्वस्वीं सॉलिसिटरच्या हातीं असे. पक्षकार सॉलिसिटरकडे जावयाचा आणि सॉलिसिटरनें आपल्या मर्जीच्या बॅरिस्टराकडे कागद पाठवावयाचे. अस्पृश्य जातीच्या बॅरिस्टराकडे ते कोण पाठविणार? तेव्हां जिल्ह्याच्या कोर्टांतील कामें, बहुधा गरीब पक्षकार, आणि घरखर्चासाठीं बाटलीबॉय यांच्या संस्थेंत व्यापारी कायदा शिकविणें, असा त्यांचा आरंभींचा क्रम होता. १९२६ सालीं 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यास अब्रुनुकसानीचा खटला झाला. त्यांत शिक्षा झालेल्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांचें अपील त्यांनीं चालविलें व आरोपी सुटले, तेव्हां त्यांच्या नांवाचा बोलबाला झाला. पुढें १९३४ सालीं 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांतहि कर्व्यांच्या बाजूनें तेच उभे राहिले. हा खटला मात्र ते हरले. दरम्यान १९२८ पासून सरकारी लॉ कॉलेजांत प्राध्यापकी व १९३५ सालीं तेथेंच प्रिन्सिपॉलची जागा त्यांना मिळाली. फी न देणाऱ्या पक्षकारांची वकिली करावयाची तर पोट दुसऱ्या कशावर तरी भरावें लागतें, आणि त्यांचें पोट बव्हंशीं अध्यापनावर भरत होतें असें दिसतें.

आतां दाव्याकडे वळूं. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलनें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मंजूर केला. सार्वजनिक पैशानें चाललेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर व धर्मशाळांत अस्पृश्यांना मज्जाव नसावा, असा त्याचा आशय. महाडच्या म्युनिसिपालिटीनें जानेवारी १९२४ मध्यें त्यास अनुसरून तळें सर्वांना खुलें केलें. म्हणजे कागदावर खुलें केलें. तीन वर्षांनीं अस्पृश्यांची परिषद महाडास भरली व हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हां गांवांत हूल उठली कीं हे लोक आतां वीरेश्वराच्या देवळांत शिरणार. परतणाऱ्या प्रतिनिधींना लाठ्यांनीं झोडपण्यांत आलें. मग १०८ घागरी पाणी उपसून, त्यांत पंचगव्य घालून, मंत्र म्हणत तें पुन्हा तळ्यांत ओतलें आणि तळें शुद्ध झालें असें जाहीर करण्यांत आलें. बोल्यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें झालीं त्याच तारखेस, ४ ऑगस्ट १९२७ रोजीं, म्युनिसिपालिटीनें आपला ठराव मागें घेतला!

डॉ. आंबेडकरांनीं डिसेंबरांत सत्याग्रहाची परिषद बोलाविली. स्पृश्य मंडळी यावेळीं लाठ्या बाजूला ठेवून कोर्टांत गेली. नरहरी दामोदर वैद्य व इतर यांनीं १२ डिसेंबर १९२७ रोजीं महाडच्या दिवाणी कोर्टांत दावा लावला आणि १४ तारखेस तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. परिषद २५ तारखेची. माणसें घरदार सोडून, तुरुंगांत जाण्याच्या तयारीनें आलेलीं. हुकूम मोडावा, असा मंडपांतील बहुतेकांचा आग्रह होता. जिल्ह्याच्या कलेक्टरांनीं स्वतः येऊन तो पाळण्याविषयीं सांगितलें. अखेर डॉ. आंबेडकरांनीं सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला. परिषदेनें मनुस्मृति जाळली, तळ्याभोंवतीं मिरवणूक काढली, आणि पाण्यास हात न लावतां लोक घरीं गेले. या निर्णयाला त्यांचे कांहीं अनुयायी कचखाऊपणा म्हणाले असतील तर नवल नाहीं. पण प्रतिवादी क्रमांक एक या नात्यानें कोर्टापुढें जातांना हुकूम मोडणारा म्हणून जावयाचें कीं पाळणारा म्हणून, याचा विचार पुढाऱ्यापेक्षां वकिलालाच अधिक सुचतो. २३ फेब्रुवारी १९२८ रोजीं तो मनाई हुकूम उठला.

मूळ दाव्यांत वादींची मागणी अशी होती कीं, हें तळें फक्त स्पृश्यांच्या खाजगी मिळकतीच्या स्वरूपाचें आहे, अस्पृश्यांना त्यावर हक्क नाहीं असें ठरवावें व त्यांना कायमची मनाई करावी. मालकीचा मुद्दा टिकण्यासारखा नव्हता, कारण तळें म्युनिसिपालिटीच्या ताब्यांत होतें. राहतां राहिली वहिवाट. आपल्या कायद्यांत वहिवाटीला मोठें वजन आहे. पण ती अनादि, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते, आणि तशी ती आहे हें सिद्ध करण्याचा बोजा ती सांगणाऱ्यावर असतो. हा दावा कळण्यास एवढा एक नियम पुरे. अस्पृश्य कधीं तळ्यावर येत नव्हते, हें म्हातारे साक्षीदार शपथेवर सांगूं शकत होते. पण न येणें निराळें, आणि येऊं नये असा कायदेशीर बंध असणें निराळें. महाडच्या न्यायाधीशांनीं ८ जून १९३१ रोजीं दावा काढून टाकतांना हाच भेद केला: वहिवाट जुनी दिसते, पण एका वर्गानें पाणी वापरलें व दुसऱ्यानें वापरलें नाहीं एवढ्यानें पहिल्याला दुसऱ्यास अडविण्याचा हक्क येत नाहीं. ठाण्याच्या कोर्टानें जानेवारी १९३३ मध्यें तो निकाल कायम केला. वहिवाट अनादि असल्याचेंहि शाबीत नाहीं, असें तेथें ठरलें. मधल्या काळांत प्रतिवादी क्रमांक एक गोलमेज परिषदांसाठीं लंडनला जाऊन येत होते आणि पुणें कराराच्या वाटाघाटी करीत होते.

हायकोर्टांत अपील न्यायमूर्ति ब्रूमफील्ड व न्यायमूर्ति वाडिया यांच्यापुढें आलें. हे ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ च्या मार्चांत अहमदाबादेस महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश. स्पृश्यांच्या वतीनें देवळांच्या खटल्यांचे दाखले देण्यांत आले. न्यायमूर्तींचें उत्तर असें कीं, देवळाच्या बाबतींत दीर्घ वहिवाटीवरून तें विशिष्ट जातींसाठींच अर्पण झालें असावें असें अनुमान निघूं शकेल. उघड्या तळ्याच्या बाबतींत तसें कांहीं अनुमान निघत नाहीं. तळ्याभोंवतीं हिंदूंचीं घरें उभीं राहण्यापूर्वीं त्याचें पाणी केवळ आपल्यासाठीं राखण्याचा प्रयत्न कोणीं केला असेल, हेंच त्यांना संशयास्पद वाटलें. मुसलमान तर तें पाणी घेतच होते. अपील खर्चासह फेटाळण्यांत आलें.

तथापि या निकालांत जें नाहीं तेंहि पाहिलें पाहिजे. अशी वहिवाट गैरवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे, असें हायकोर्टानें म्हटलें नाहीं. ती शाबीतच झाली नाहीं, तेव्हां त्या प्रश्नांत शिरण्याचें कारण उरलें नाहीं. दुसऱ्या एखाद्या गांवीं, दुसऱ्या एखाद्या तळ्यावर, वादींजवळ अधिक जुना पुरावा असता तर काय झालें असतें, हें सांगतां येत नाहीं. महाडचें तळें मोकळें झालें तें महाडपुरतें, आणि पुराव्याच्या उणीवेवर. निकालाच्या महिनाभर आधीं डॉ. आंबेडकर मुंबई असेंब्लीवर निवडून आले होते. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे तेच अध्यक्ष होते. त्या घटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. १५ व्या कलमांत, सरकारी पैशानें चालणाऱ्या अथवा सर्व लोकांसाठीं असलेल्या ज्या जागा जातीच्या कारणावरून कोणालाहि बंद करतां येणार नाहींत त्यांची यादी आहे, आणि तींत विहिरी, तळीं व स्नानाचे घाट हीं नांवें घेऊन सांगितलीं आहेत.