तळटीप : ‘वैतरणा’ ऊर्फ ‘विजळी’
मुंबईच्या शेफर्ड कंपनीची आगबोट. विजेच्या दिव्यांमुळे कच्छ-काठियावाडात ती ‘विजळी’ म्हणून ओळखली जाई. ८ नोव्हेंबर १८८८ रोजी ती कच्छमधील मांडवीहून मुंबईस निघाली आणि द्वारकेनंतर पोरबंदरला हवा बिघडल्याने न थांबता पुढे गेली. सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात सापडून ती बुडाली असावी. ‘असावी’ म्हणण्याचे कारण, बोटीचा सांगाडा कधीच हाती लागला नाही. बोटीवर लग्नाची वऱ्हाडे होती, तसेच मुंबईला मॅट्रिकच्या परीक्षेसाठी निघालेले विद्यार्थी. मृतांचा आकडा सुमारे साडेसातशे मानतात. लोककथेत तो तेराशेवर जातो, पण तो आकडा स्वीकारण्यास आधार दिसत नाही. लोकगीतांनी बोटीशी कायमचा जोडलेला हाजी कासम प्रत्यक्ष कप्तान होता की तिकिटांचा दलाल, यावरही एकमत नाही. या गूढाचे आकर्षण गुजरातीत विशेष टिकले. गुणवंतराय आचार्य यांची कादंबरीही याच घटनेवर आहे. या बोटीला ‘गुजरातचे टायटॅनिक’ म्हणण्याची प्रथा मात्र कालक्रम उलटा करणारी आहे : टायटॅनिक बुडाले १९१२ साली, ‘विजळी’नंतर २४ वर्षांनी.