दार कुणी उघडलं?



शहरात खोली करायची म्हटली की शहाणी माणसं यादीच हातात देतात. गल्लीत दिवे आहेत का बघ. नळाला पाणी किती वेळ येतं विचार. पोलीस चौकी किती लांब हाय, रात्री बाईमाणसाला एकटं येता येतं का, चोऱ्या होतात का, पुराचं पाणी कुठवर चढतं. ही यादी खोटी नाही. बिंदुसरेचा १९८९ चा पूर ज्यांनी बघितला ती म्हातारी माणसं बीडमध्ये आजही खोली बघताना आधी जोत्याची उंची बघतात. पण आपल्या माणसाच्या यादीत आणखी एक सवाल असतो. तो दलालाला विचारता येत नाही, आणि घरमालकाला विचारावा लागतच नाही. तोच आपल्याला विचारतो.

मी जिनिंगवर कामाला आहे. सरकी एकीकडं, रुई एकीकडं, आणि मधी आम्ही, नाकातोंडात कापूस. गावाहून रात्रपाळीला येणं-जाणं झेपंना, म्हणून बीडला खोली बघायला लागलो. पहिल्या मालकानं भाडं सांगितलं, लाईटबिल सांगितलं, मग म्हणाला, ‘पूर्ण नाव?’ सांगितलं. त्याला एकदम आठवलं की दिवाळीला पाहुणे यायचेत. दुसऱ्यानं आधी आधार कार्ड मागितलं, वाचलं, परत दिलं. तिसरा म्हणाला, आमच्यात मटणाचं चालत नाही. मी त्याला जेवायला काय करता हे विचारलंच नव्हतं!

राग आला. पण नुसत्या रागावर किती कविता लिहायच्या? शाळा दहावीत सुटली, तरी वाचायचं सोडलं नाही. म्हटलं बघू तरी, आपल्या आधीची माणसं खोली कशी बघत होती. वस्ती चांगली की वाईट हे कशावरून ठरवत होती.

गावात हा सवालच नव्हता. जागा ठरलेली. गावकुसाच्या बाहेर. आपल्या बापजाद्याला कुणी विचारलं नाही की बाबा तुला कुठं राहायला आवडंल. निवडायची पाळी आली ती शहरात पाय ठेवल्यावर, आणि पहिल्या झटक्यालाच कळलं की निवड आपल्या एकट्याच्या हातात नाही.

१९१७ साल घ्या. बाबासाहेब कोलंबिया आणि लंडन करून बडोद्याला आले. संस्थानची मोठी नोकरी. पण राहायचं कुठं? ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या टिपणात त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. हिंदू हॉटेल घेणार नाही हे ठाऊक होतं. म्हणून पारशाच्या उतारघरात पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळच्या आत चालता हो. गावात दोन दोस्त होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू दोस्त म्हणाला की तू आलास तर घरातले नोकर निघून जातील. ख्रिस्ती दोस्तानं बायकोवर ढकललं. मग बाबासाहेब कामाठी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला आले.

मी हे पूर्वी वाचलं तेव्हा काठ्यांवर चिडलो होतो. आता खोली शोधताना परत वाचलं, तर त्या दोन दोस्तांवर नजर अडकली. काठ्यावाले वाईट, हे सांगायला इतिहास लागत नाही. पण संध्याकाळ व्हायला आलीय, सामान दारात आहे, आणि ओळखीच्या दोन घरांपैकी एकही उघडत नाही. बडोदा त्यांच्यासाठी सुरक्षित नव्हतं ते एवढ्यासाठी. बाकी दिवे तिथं असतील, बाग तर होतीच.

आता मुंबई. आपल्या हजारो माणसांनी गिरणीसाठी गाव सोडलं. गिरणीत सुद्धा सांधे होतेच. विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि ओठ म्हणजे बाट. पगार ज्या खात्यात जास्त तिथं दार बंद. (आमच्या जिनिंगवर तोंड लावायचं काही नाही, म्हणून कुठल्याही मशीनवर आम्ही चालतो. प्रगती आहे.) गिरणगावात बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या त्या १९२० च्या दशकात. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी मिळून २०७ चाळी, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला आणि वर तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, एक खोली १६० चौरस फूट, मोरी-संडास सगळ्यांचा एक. सरकारी चाळ, भाडं ठरलेलं, मालक खाजगी नाही. म्हणजे ‘पूर्ण नाव’ विचारून खोली नाकारणारा कुणी नाही. आपल्या माणसाला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. चाळी एकमेकींना लागून, पण कुठल्या चाळीत कोण जास्त हे सगळ्यांना ठाऊक. ५ जानेवारी १९७४ ला वरळीत दलित पँथरची सभा होती. पँथर तेव्हा दोन वर्षांची पण नव्हती. दक्षिण मध्य मुंबईची लोकसभेची पोटनिवडणूक तोंडावर, आणि पँथरनं बहिष्कार पुकारलेला. सभेवर दगड आले, पोलिसांच्या लाठ्या आल्या, आणि दंगल चाळीत घुसली. गोळीबारात रमेश देवरुखकर गेला. १० जानेवारीला निषेधाचा मोर्चा निघाला, तर परळला वरून, कुणाच्या तरी मजल्यावरून, दगडी पाटा आला आणि भागवत जाधवचा जीव गेला. मसाला वाटायचा पाटा, मित्रांनो. घरातला. दंगल पुढं कित्येक आठवडे धुमसली. सरकारनं न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला.

मला त्या पाट्याचं डोक्यातून जात नाही. पोलीस चौकी किती लांब, गल्लीत दिवे किती, हे सगळं जमिनीवरनं बघायचं असतं. पाटा वरून येतो. ज्या बाईनं पाट्यावर रोज चटणी वाटली असंल तिनं तो उचलताना कुणाचा हात धरला का? तिच्या शेजारणीनं? आयोगाचं काम गोळी कुणी झाडली, दगड कुणी मारला हे बघायचं. मला कळायला हवं ते निराळं. त्या आठवड्यात, समोरच्या चाळीत एकट्या पडलेल्या आपल्या घराला, मधल्या पॅसेजमधल्या कुणी आत घेतलं का?

हा सवाल मला पुस्तकानं शिकवला नाही, आज्यानं शिकवला. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. तेव्हा जिल्हे पाचच, जालना-लातूर अजून व्हायचे होते. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. नाव मिळालं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. हे तुम्हाला पाठ आहे, मी काय सांगू. आमच्या गावात जाळपोळ झाली नाही. बहिष्कार झाला. किराणावाला मीठ देईना, गिरणीवाला दळण घेईना, रानात कामाला बोलवंना. आजा सांगायचा, चौथ्या रात्री वाड्याच्या मागून एक धनगराची म्हातारी आली, पदराखाली पायलीभर पीठ. पुढच्या दारानं यायची तिची छाती नव्हती. पण आली. आज्यानं तिचं नाव मरेपर्यंत गावात काढलं नाही. तिच्या घरावर पाळत बसली असती.

आजा मग पोरं घेऊन मुंबईला, घाटकोपरला चुलतभावाकडं गेला. दोन वर्षांनी परतला, चुलतभाऊ तिथंच राहिला. त्याचं म्हणणं साधं होतं: ‘हितं सगळी आपली. रात्री दार वाजलं तर उघडणारा आपलाच.’ अडाणी माणसाची ही भीती नव्हती, बरं का. १९४२ ला नागपूरच्या परिषदेत हाच ठराव झाला होता, की अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती करा. ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये १९४७ ला बाबासाहेबांनी त्यासाठी वसाहत आयोगाची मागणी केली. गावात थोडके असलो की मार खातो, एकत्र असलो की खात नाही. हिशोब चोख.

मग ११ जुलै १९९७ येते. रमाबाई आंबेडकर नगर, घाटकोपर. सकाळी पुतळ्याला चपलांची माळ दिसली, लोक हायवेवर आले, राज्य राखीव पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा माणसं मेली. सगळी आपली वस्ती, रात्री कुणाचंही दार वाजवा उघडणार, अशी वस्ती. आणि तिच्यावरच गोळी. काही दिवसांत शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. गुंडेवार आयोग बसला. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला सत्र न्यायालयानं जन्मठेप दिली ती २००९ ला, बारा वर्षांनी. तेव्हा चुलतआजा म्हणाला होता म्हणे, दारं उघडी होती रे, पण गोळीला दार लागत न्हाई.

इथं माझं त्रांगडं होतं. आपल्या वस्तीत दार उघडतं, पण सबंध वस्तीच नेमक्यात असते. मिसळ गल्लीत नेमक्यात कुणी नाही, पण वाईट रात्री आपण एकटे. दोन्हीकडं माणसं मेलीत. कार्यकर्ते म्हणून आपण भाषणात एकच बाजू सांगतो. जातीनिहाय वस्त्या मोडल्या पाहिजेत म्हणतो, आणि घरी येऊन भावाला सांगतो, भीमनगरात बघ खोली. मी पण सांगितलंय.

अमेरिकेतल्या काळ्या माणसांनी याच्यावर एक इलाज काढला होता. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये व्हिक्टर ग्रीन नावाचा पोस्टमन होता. त्यानं १९३६ ला एक पुस्तिका छापली. कुठल्या गावात काळ्या माणसाला उतरायला खोली मिळंल, कुठल्या हॉटेलात जेवायला, कुठं गाडीत पेट्रोल भरून देतील, याची यादी. ‘ग्रीन बुक’. तीस वर्षं निघत होती, नागरी हक्कांचा कायदा १९६४ ला झाला तरी पुढं दोन वर्षं लागली बंद व्हायला. १९३६ म्हणजे आपल्याकडं ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ छापलं ते साल. पोस्टमनलाच हे सुचावं यात नवल नाही, कुठलं दार कसं उघडतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? आपल्याकडं असं पुस्तक नाही. आपलं ग्रीन बुक मर्तिकाला आणि लग्नाच्या पंगतीत तोंडी चालतं. ‘तिकडं नको घेऊ, तिथल्या नळावर कटकट हाय.’ ‘त्या मास्तरच्या बाजूला घे, माणूस भला हाय.’ बायका सांगतात हे जास्त. त्यांच्यापाशी वर्षानुवर्षांची माहिती आहे, आणि आपण सभेत त्यांना सतरंजी घालायला ठेवतो.

कायद्याचं थोडक्यात. घटनेच्या १९ व्या कलमानं देशात कुठंही राहायचा हक्क दिलाय, १७ व्यानं अस्पृश्यता मोडलीय. आणि २००५ ला सर्वोच्च न्यायालयानं अहमदाबादच्या एका पारशी गृहसंस्थेला आपल्याच लोकांना सभासद करायची मुभा मान्य केली. बडोद्याच्या काठ्या आठवल्या मला.

महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० ला ठरवलं, वस्त्यांची जातीवाचक नावं बदला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर अशी नावं द्या. बीडच्या पोलिसांनी २०२५ ला टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसतं नाव ठेवलं. चांगलं केलं, मी टोमणा मारत नाही. पण रिक्षावाल्याला भीमनगर म्हटलं की जे कळायचं ते कळतंच, आणि घरमालक पोलिसाच्या टेबलाकडं बघत नाही, आधार कार्ड बघतो.

आणि चौकी जवळ असणं म्हणजे काय हे बीडनं ३० ऑक्टोबर २०२३ ला बघितलं. आरक्षणाच्या आंदोलनात बीडला आणि माजलगावला आमदारांची घरं जळाली, संचारबंदी लागली. ज्यांच्या दारात पोलीस उभा त्यांची ही गत. त्या आंदोलनाची बाजू-उलटबाजू इथं सांगायची नाही. मला त्या रात्रीचा उपयोग झाला तो वेगळ्या कामाला.

मागल्या रविवारी चौथी खोली बघायला गेलो, मिसळ गल्लीत. मालक परगावी असतो, खोली भावजय बघते. तिनं पूर्ण नाव विचारलं, वहीत लिहिलं, पुढं काही बोलली नाही. मी दिवे बघितले, जोतं बघितलं. मग नळावर एक म्हातारी घागर लावून बसली होती तिच्यापाशी उकिडवा बसलो.

‘माय, त्या जाळपोळीच्या रात्री हितं कसं होतं?’

‘कसं असतंय? समद्यांनी कड्या लावल्या.’

‘कुणीच उघडलं न्हाई?’

तिनं घागर बदलली. म्हणाली, ‘शेवटच्या घरातल्या शिंपिणीनं उघडलं होतं. दोन ऊसतोडीची पोरं एस.टी. बंद म्हणून अडकली होती. रातभर ओट्याच्या आत घेतली तिनं. कोण, कुठली, म्या इचारलं न्हाई. तिनं बी इचारलं न्हाई.’

मी शेवटच्या घरापर्यंत चालत गेलो. दार लावलेलं होतं, आत मशीन चालू होती. वाजवलं नाही. काय सांगणार होतो?

घरी सगळं सांगितलं. आत्या म्हणाली, एका घरावर जाऊ नको, भीमनगरात बघ. बायकोनं पाण्याची वेळ विचारली. माय बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, ‘आपल्या खोलीपासून ती शिंपीण किती दारं?’

अकरा. मी मोजून आलो होतो. बुधवारी सामान नेतोय.