खुनाच्या अपिलांतील स्वसंरक्षणाचा बचाव

हिंदी दंडसंहितेच्या १८३७ च्या मसुद्यास मेकॉलेप्रभृती आयुक्तांनी जी टिपणे जोडली, त्यांतील स्वसंरक्षणाविषयीचे विवेचन लक्षणीय आहे. या देशाचे लोक अन्याय मुकाट्याने सोसतात. त्यांच्या प्रतिकारवृत्तीस कायद्याने आळा न घालता उत्तेजनच द्यावे, असा त्यांचा अभिप्राय होता. त्यामागील राज्यकर्त्याची तुच्छता उघड आहे. तथापि १८६० च्या संहितेतील कलमे ९६ ते १०६ इतकी उदार झाली, त्याचे श्रेय काही अंशी या अभिप्रायास द्यावे लागते. मृत्यूचे वा जबर दुखापतीचे वाजवी भय असता हल्लेखोराचा प्राण घेणे हा कलम १०० अन्वये गुन्हाच ठरत नाही.

परंतु एका हाताने दिलेले १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने दुसऱ्या हाताने काढून घेतले. त्याच्या कलम १०५ ने अपवाद शाबीत करण्याचा भार आरोपीवर टाकला व तोवर तशी परिस्थिती नव्हतीच असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे सांगितले. आणि हा भार ज्याच्या शिरी, त्या आरोपीस सर्वसाधारण फौजदारी खटल्यात शपथेवर साक्ष देण्याची मुभा १९५५ च्या दुरुस्तीपर्यंत नव्हती! अलाहाबादच्या पूर्णपीठाने १९४१ साली बहुमताने यातून वाट काढली : बचाव पूर्ण शाबीत झाला नाही, तरी त्यामुळे गुन्ह्याविषयीच वाजवी संशय उत्पन्न होत असेल, तर आरोपी सुटलाच पाहिजे.

या दृष्टीने कटनीचा खटला अभ्यसनीय आहे. मार्च १९५० मधील दंगलीत जमाव एका दुकानदाराच्या दारावर लाठ्या हाणीत होता. शेजारचा भाग लुटला गेला होता. त्याने दोन गोळ्या झाडल्या. एक मनुष्य ठार झाला. नागपूर उच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली त्याला निर्दोष सोडले. दार फुटेपर्यंत त्याने वाट पाहावयास हवी होती, ही अपेक्षाच न्या. व्हिव्हियन बोस यांना अमान्य होती. अशा क्षणीचे वर्तन सोनाराच्या काट्याने तोलता येत नाही, हा त्यांच्या निकालाचा आशय. (बोस हे त्याआधी नागपूरचेच मुख्य न्यायाधीश होते, हा योगायोग नोंदण्याजोगा आहे.)

याची दुसरी बाजू न्या. गजेंद्रगडकर यांनी १९६२ मध्ये पंजाबातील जमिनीच्या तंट्यावरील अपिलात मांडली. भय सरले की हक्कही सरला; पळणाऱ्यांवर दुरून झाडलेली गोळी ही संरक्षणार्थ नव्हे. तेथे बचाव फेटाळला गेला, आणि तो योग्यच होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ व साक्ष्य अधिनियमाचे कलम १०८ अमलात आले. हक्क आणि भार दोन्ही जवळजवळ जुन्याच शब्दांत तेथे उभे आहेत. १९४१ ची वाट मात्र कलमात उतरलेली नाही, ती आजही निकालपत्रांतच शोधावी लागते.