कापलेला प्रसंग

चित्रपटाच्या नामावलीत संकलकाचे नाव क्वचितच कोणी वाचतो. केव्हिन ब्राउनलो हे त्या व्यवसायातले. १९३८ साली इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात जन्मलेल्या या गृहस्थांनी अनुबोधपटांच्या संकलनावर उदरनिर्वाह केला आणि पुढे दूरचित्रवाणीसाठी मूकपटांच्या इतिहासावर मालिका निर्मिल्या. परंतु आम्हां यहुदी वाचकांस त्यांची ओळख असावी ती त्यांच्या पहिल्या चित्रपटामुळे, व त्यातून कापल्या गेलेल्या एका प्रसंगामुळे.

१९५६ साली, वयाच्या १८ व्या वर्षी, त्यांनी ‘इट हॅपन्ड हिअर’ या चित्रपटास प्रारंभ केला. जर्मन सैन्याने इंग्लंड जिंकले असते तर काय झाले असते, ही त्याची कल्पना. अँड्र्यू मोलो हा १६ वर्षांचा मुलगा त्यांस येऊन मिळाला. गणवेशाचे बटणसुद्धा खोटे असता कामा नये, असा त्याचा हट्ट! पदरी पैसा नाही, नावाजलेले नट नाहीत. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी चित्रीकरण. स्टॅन्ली कुब्रिक यांनी आपल्याकडील उरलेली फीत दिली, टोनी रिचर्डसन यांनी पैशाचे साहाय्य केले, आणि आठ वर्षांनी, १९६४ साली, सुमारे ७,००० पौंडांत चित्रपट पुरा झाला.

कथा एका परिचारिकेची आहे. तिला राजकारणाशी कर्तव्य नाही. देशाची घडी बसावी व आपणांस काम मिळावे, एवढेच तिला हवे. त्यासाठी ती नाझींना साहाय्य करणाऱ्या संघटनेत शिरते आणि अखेर, क्षयी परदेशी मजुरांना सुई टोचून ठार मारणाऱ्या रुग्णालयात येऊन पोहोचते. बाई दुष्ट नव्हे, हेच भयंकर.

याच चित्रपटातील एका प्रसंगी ब्राउनलो यांनी खरेखुरे ब्रिटिश फासिस्ट कॅमेऱ्यापुढे बसविले व त्यांस यहुद्यांविषयी मनात असेल ते बोलू दिले. यहुदी संस्थांनी हरकत घेतली की, या विषास उत्तर देणारा पडद्यावर कोणीच नाही. ब्राउनलो म्हणत, ही माणसे स्वमुखानेच स्वतःस दोषी ठरवितात. युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीने १९६६ च्या प्रदर्शनापूर्वी तो प्रसंग काढून टाकला.

कोकणात आमच्या वाडवडिलांस ‘शनिवार तेली’ म्हणत, ते धंद्यावरून व शब्बाथावरून, द्वेषाने नव्हे. त्यामुळे ब्राउनलो यांचे म्हणणे आम्हांस सहज पटावे, यात नवल नाही. लंडनच्या यहुद्यांनी मात्र १९६२ च्या जुलैत ट्रॅफल्गार चौकात नाझीवाद्यांची उघड सभा भरलेली पाहिली होती. त्यांच्या हरकतीस भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही आमचा कौल प्रसंग ठेवण्याकडेच आहे. नाझी वाईट होते, एवढे वर्गात सांगितले की मुले मान डोलावतात. ते नेमके काय बोलत हे ऐकविले की प्रश्न विचारू लागतात.

पुढे ब्राउनलो यांनी आबेल गान्स यांच्या ‘नेपोलियन’ या मूकपटाचे विखुरलेले तुकडे जमवून जोडले. १९८० साली लंडनमध्ये तो वाद्यवृंदासह सुमारे पाच तास दाखविण्यात आला. त्याच वर्षी डेव्हिड गिल यांच्यासह केलेली ‘हॉलिवूड’ ही १३ भागांची मालिका दूरचित्रवाणीवर आली. २०१० साली त्यांस सन्माननीय ऑस्कर मिळाले. आणि ‘इट हॅपन्ड हिअर’मधील तो कापलेला प्रसंग १९९० च्या दशकात पुन्हा चित्रपटास जोडण्यात आला.