चाउशेस्कू : एका सज्जातील दोन भाषणे

२१ ऑगस्ट १९६८ रोजी बुखारेस्टच्या राजवाडा चौकात प्रचंड जनसमुदाय लोटला होता. आदल्या रात्री सोव्हिएत संघ व त्याच्या काही मित्रराष्ट्रांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या होत्या. वॉर्सा कराराचा सदस्य असूनही रुमानिया त्या आक्रमणात सामील झाला नव्हता. मध्यवर्ती समितीच्या इमारतीच्या सज्जातून निकोलाय चाउशेस्कूने आक्रमणाचा उघड धिक्कार केला, तेव्हा पक्षाविषयी उदासीन असलेली माणसेही त्याच्या पाठीशी उभी राहिली. त्याच्या सत्तेला खरी लोकमान्यता लाभली ती त्या दिवशी.

१९१८ साली एका शेतकरी कुटुंबात जन्मलेला चाउशेस्कू लहानपणीच राजधानीत येऊन चांभारकाम शिकला. बंदी असलेल्या कम्युनिस्ट पक्षात तो शिरला आणि तुरुंगात गेला. तेथेच गेओर्गे गेओर्गियु-देज या ज्येष्ठ नेत्याचे सान्निध्य त्याला लाभले. मार्च १९६५ मध्ये देजच्या निधनानंतर पक्षाची सूत्रे त्याच्या हाती आली. मॉस्कोपासून अंतर राखण्याचे धोरण मुळात देजचेच. सोव्हिएत सैन्य १९५८ मध्येच रुमानियातून परतले होते. चाउशेस्कूने या धोरणाला राष्ट्राभिमानाचे तेज दिले. १९६९ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन बुखारेस्टला आले, आणि पुढे पाश्चात्त्य कर्जाची द्वारेही खुली झाली.

परंतु राष्ट्राचे स्वातंत्र्य आणि नागरिकाचे स्वातंत्र्य या दोन भिन्न गोष्टी आहेत. लोकसंख्या वाढावी म्हणून १९६६ मध्येच गर्भपातावर कठोर निर्बंध आले होते. १९७१ मधील चीन व उत्तर कोरियाच्या दौऱ्यानंतर व्यक्तिपूजेला ऊत आला. १९७४ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष झाला, पत्नी एलेनाही सत्तेच्या शिखरावर पोहोचली. १९८०च्या दशकारंभी परकीय कर्ज सुमारे १० अब्ज डॉलरांवर गेले. ते संपूर्ण फेडण्याचा निर्धार त्याने केला, तोही राष्ट्रीय स्वातंत्र्याच्याच नावाने. धान्य व मांस निर्यात होऊ लागले. देशात शिधावाटप, अंधार आणि थंडगार घरे उरली. त्याच काळात बुखारेस्टची जुनी वस्ती पाडून एक अवाढव्य प्रासाद उभा राहत होता. कर्ज फिटल्याची घोषणा एप्रिल १९८९ मध्ये झाली.

त्या वर्षी शेजारच्या बल्गेरियात पक्षातीलच सहकाऱ्यांनी झिव्हकोव्हला पायउतार केले. रुमानियात मात्र नोव्हेंबरमधील पक्षाधिवेशनाने चाउशेस्कूची एकमताने फेरनिवड केली. त्याला थांबवील असा कोणी पक्षात उरलाच नव्हता. डिसेंबरमध्ये तिमिशोआरा येथे लास्लो त्योकेश या हंगेरियन धर्मोपदेशकाच्या हकालपट्टीविरुद्ध लोक एकवटले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २१ डिसेंबरला चाउशेस्कू पुन्हा त्याच सज्जात उभा राहिला. गर्दी जमवून आणलेली होती. तिच्यातूनच निषेधाचे आवाज उठले. गोंधळलेल्या नेत्याने वेतनवाढ जाहीर केली, पण वेळ टळून गेली होती. दुसऱ्या दिवशी त्याने हेलिकॉप्टरमधून पलायन केले. २५ डिसेंबरला तर्गोविश्ते येथे लष्करी न्यायासनासमोर घाईने खटला उरकून पतिपत्नींना गोळ्या घालण्यात आल्या.

१९६८ मध्ये चौकाने त्याला स्वेच्छेने विश्वास दिला होता. पुढची एकवीस वर्षे त्याने त्या विश्वासाची जागा आज्ञापालनाने भरून काढली, आणि दोहोंतील भेद त्याला अखेरच्या भाषणापर्यंत उमगला नाही.