दोन टक्क्यांच्या आधीची जबाबदारी : उद्योग, स्त्री-नेतृत्व आणि कर्जत-खालापूर

खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ मध्ये. तेव्हापासून खालापूर आणि कर्जत तालुके मुंबईला वीज पुरवत आले. पुढे रसायनीत हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स आली, पाताळगंगेची औद्योगिक वसाहत झाली, खोपोलीत पोलादाचे कारखाने उभे राहिले. कर्जत-नेरळकडे आता रिसॉर्ट आणि फार्महाऊस आहेत. पॅकिंग, साफसफाई, कॅन्टीन, खोल्यांची झाडलोट ही कामे आपल्या वस्त्यांतील आणि आदिवासी वाड्यांतील स्त्रिया करतात. निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर मात्र त्या क्वचितच दिसतात.

म्हणून 'कंपनीची सामाजिक जबाबदारी' म्हणजे वह्यावाटप आणि फलक, एवढ्यावर आपण समाधान मानू नये. जबाबदारी आधी कारखान्याच्या आत सुरू होते, मग गावात येते.

धम्म काय सांगतो

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालकाची कामगारांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत : कुवतीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात काळजी घेणे, विशेष पदार्थ वाटून खाणे आणि वेळेवर सुट्टी देणे. या यादीत देणगी नाही. कामगाराचे हक्काचे देणे हेच मालकाचे पहिले कर्तव्य आहे.

बाबासाहेबांची भूमिका याच दिशेची होती. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला. प्रसूतीच्या काळात स्त्रीला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून खर्चाचा भार सरकारने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमाचा फायदा घेणारा मालकही त्यातून पूर्ण सुटू शकत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

कल्पना सरोज यांचे उदाहरण

अकोला जिल्ह्यातील रोपरखेडा येथे बौद्ध कुटुंबात जन्मलेल्या कल्पना सरोज यांचे बालवयात लग्न झाले. पुढे मुंबईत शिवणकाम करून त्या उभ्या राहिल्या. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही कंपनी १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने कामगारांनी चालवायला घेतली होती, पण ती पुन्हा कर्जात बुडाली. तेव्हा कामगारच मदतीसाठी सरोज यांच्याकडे गेले. २००६ मध्ये कंपनी त्यांच्या हाती आली. बँकांची देणी आणि कामगारांचा थकीत पगार ठरलेल्या मुदतीच्या आधीच चुकता केला, असे त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुरस्काराइतकाच महत्त्वाचा आहे तो थकीत पगार. सामाजिक जबाबदारीची सुरुवात तिथून होते.

कायद्याने दिलेल्या तीन जागा

*संचालक मंडळ :* कंपनी कायदा, २०१३ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत किमान एक स्त्री संचालक हवी. १०० कोटी भरणा भांडवल किंवा ३०० कोटी उलाढाल असलेल्या इतर पब्लिक कंपन्यांनाही हेच बंधन आहे. मात्र एका नावाने अट पूर्ण होते, म्हणून कामगार स्त्रीचा आवाज मंडळापर्यंत पोहोचतोच असे नाही.

*अंतर्गत समिती :* २०१३ च्याच लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी ही समिती लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी असते आणि निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत. एक सदस्य बाहेरचा, सामाजिक संस्थेतला असावा लागतो. ही जागा आपल्या कार्यकर्त्या भरू शकतात. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या फार्महाऊसवरील किंवा घरकाम करणारी स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाऊ शकते. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करावी लागते.

*सीएसआर :* मागील आर्थिक वर्षात नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी निकष पूर्ण झाला तरी कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदाच म्हणतो. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी केलेला खर्च यात धरला जात नाही.

आपण काय करू शकतो

१. कंपनीचे संकेतस्थळ असल्यास सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प त्यावर टाकणे बंधनकारक आहे. ते वाचा, आपल्या तालुक्याचे नाव त्यात आहे का पाहा.

२. कंपनीसाठी सीएसआरचे काम करणाऱ्या संस्थेची 'सीएसआर-१' नोंदणी लागते. बचत गट किंवा महिला मंडळाकडे ती नसेल तर नोंदणीकृत संस्थेला सोबत घेऊन प्रस्ताव द्या.

३. प्रस्ताव ठरवताना स्त्रियांनाच विचारा. पाण्याची टाकी हवी, पाळणाघर हवे की शेवटच्या पाळीनंतर घरी सोडणारी गाडी, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

४. कारखान्यात अंतर्गत समिती आहे का, तिच्या सदस्यांची नावे कामगारांना दिसतील अशी लावली आहेत का, हे विचारा.

कंपनी विहारासाठी देणगी घेऊन आली तर स्वागत करू. पण तिच्याच फाटकातून आत जाणाऱ्या कंत्राटी भगिनीला पूर्ण वेतन आणि प्रसूतीची रजा मिळते का, हा प्रश्न त्याच बैठकीत विचारू. आणि तो विचारायला त्या भगिनीलाच पुढे बसवू.