चुकांच्या पुस्तकांची गोष्ट



मागे आमच्या गटातल्या एक ताई तालुक्याला एका कार्यालयात गेल्या होत्या. साहेबांनी इंग्रजीत विचारलं, म्हणून ताईंनीही धीर करून इंग्रजीत उत्तर दिलं, "आय अ‍ॅम वर्किंग इन बचत गट सिन्स फोर इयर्स." टेबलापलीकडची दोन माणसं एकमेकांकडे बघून हसली. काम झालं, पण पुढच्या बैठकीत ताई म्हणाल्या, "आता दुसरीला पाठवा. मी नाही जायची." चार वर्षं गटाचा हिशेब पैशापैशाला जुळवणारी बाई एका शब्दापायी मागे सरली.

मग एकीने स्टँडवरच्या दुकानातून इंग्रजीतल्या चुका टाळायला शिकवणारं पुस्तक आणलं. एका बाजूला चूक, दुसऱ्या बाजूला बरोबर. ते वाचताना आम्हाला प्रश्न पडला, की अशी पुस्तकं पहिल्यांदा लिहिली कोणी, आणि कोणासाठी? शोधत गेलो तेव्हा जे हाती आलं, ते आज तुम्हाला सांगतो.

ही गोष्ट सुरू होते इंग्लंडात, पावणेतीनशे वर्षांपूर्वी. तेव्हा तिथे मोठ्या घरचे मुलगे लॅटिन शिकत. व्याकरण म्हणजे लॅटिनचं व्याकरण. मुलींना विद्यापीठाची दारं बंद होती आणि लॅटिनही सहसा कोणी शिकवत नसे. न्यूकॅसल शहरात अ‍ॅन फिशर नावाची एक शिक्षिका मुलींची शाळा चालवायची. तिने लॅटिनचा आधार न घेता, साध्या इंग्रजी शब्दांत इंग्रजीचं व्याकरण लिहिलं. त्याची १७५० सालची आवृत्ती आजही उपलब्ध आहे. त्यात तिने एक नवी युक्ती केली. मुद्दाम चुकीची वाक्यं छापली आणि मुलांना सांगितलं, ही दुरुस्त करा. आज आपली मुलं 'चूक सुधारून वाक्य पुन्हा लिहा' हा प्रश्न सोडवतात ना, त्याची सुरुवात करणाऱ्यांत ही बाई होती.

पुढे १७९५ साली लिंडली मरे याचं व्याकरण आलं. हा मूळचा अमेरिकेतला वकील, इंग्लंडात यॉर्कजवळ येऊन राहिला होता. तिथल्या एका मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी त्याला गळ घातली, की आमच्या मुलींसाठी पुस्तक लिहून द्या. त्याने दिलं. दोन वर्षांनी चुकीच्या वाक्यांचा सराव आणि त्यांची उत्तरं यांची पुस्तकंही काढली. या पुस्तकांच्या लाखो प्रती खपल्या. म्हणजे बघा, ज्यांना शिकायला दार नव्हतं त्यांच्यासाठी ही पुस्तकं झाली. ती शिडी होती.

पण त्याच काळात दुसरंही काही घडत होतं. रॉबर्ट लोथ नावाचे एक धर्मगुरू होते. त्यांनी १७६२ साली व्याकरण लिहिलं. इंग्रजीतला 'यू' हा शब्द आपल्या 'तुम्ही'सारखा. आधी तो अनेकांसाठी होता, मग मान देण्यासाठी एकालाही लागू झाला. तेव्हा बरीच शिकलेली माणसंसुद्धा एकाशी बोलताना 'यू वॉज' म्हणत आणि अनेकांशी बोलताना 'यू वेअर'. लोथ यांनी 'यू वॉज' ही घोडचूक ठरवली. आज तसं बोलणाऱ्याला अडाणी म्हणतात.

त्याहून गमतीची गोष्ट रॉबर्ट बेकर याची. १७७० साली त्याने फक्त चुकांबद्दलचं पुस्तक काढलं. या जातीचं पहिलं पुस्तक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. स्वतःबद्दल त्याने मोकळेपणाने लिहिलं आहे, की पंधराव्या वर्षी शाळा सुटली, ग्रीक येत नाही, लॅटिन जेमतेम येतं. आपण मराठीत 'कमी पाणी' म्हणतो आणि 'कमी भाकऱ्या'ही म्हणतो. इंग्रजीतही 'लेस' हा शब्द शेकडो वर्षं दोन्हीकडे चालत होता. बेकरने लिहिलं, मोजता येणाऱ्या वस्तूंना 'फ्यूअर' म्हटलेलं मला बरं वाटतं. 'बरं वाटतं', एवढंच. पुढच्यांनी त्याचा नियम केला, आणि त्या नियमावरून आजवर परीक्षेत गुण कापले जातात.

एकोणिसाव्या शतकात तिथे कारखाने आणि रेल्वे आली. दुकानदारांच्या, कारकुनांच्या हातात पैसा आला. मोठ्या लोकांत बसायचं तर आपलं बोलणं उघडं पडू नये, म्हणून ते अशी पुस्तकं घेऊ लागले. कोण आतला आणि कोण बाहेरचा, हे चुकीवरून ओळखू लागले. शिडीचं कुंपण झालं.

आपल्याकडे इंग्रजी आली ती सरकारी नोकरीबरोबर. मुंबई इलाख्यात अधिकारी राहिलेल्या जॉर्ज व्हिटवर्थ यांनी १९०७ साली हिंदी लोकांच्या इंग्रजीतल्या चुकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. १९३०च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं, ते आजही शाळांत दिसतं. आणि मराठी घरांत पिढ्यानपिढ्या होती ती तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. मराठीचा हात धरून इंग्रजीत नेणारी म्हणून ती आपल्या लोकांना जवळची वाटली.

मराठीचा हात धरला की ताईंची चूकही समजते. आपण म्हणतो, 'चार वर्षांपासून' आणि 'सोमवारपासून'. दोन्हीकडे 'पासून'. इंग्रजीत मात्र दोन शब्द आहेत. सुरुवात कधी झाली ते सांगायचं तर 'सिन्स मंडे'. किती काळ ते सांगायचं तर 'फॉर फोर इयर्स'. आणि काम अजून चालू असेल तर 'आय हॅव बीन वर्किंग'. 'कर्जाविषयी चर्चा' यातला 'विषयी' आपण 'डिस्कस अबाउट लोन' म्हणताना सोबत नेतो, तिथे नुसतं 'डिस्कस' पुरतं. चुलत, मामे, आते असं सगळं नातं सांगायची आपल्याला सवय, म्हणून 'कझिन ब्रदर' येतं. या चुकांच्या मुळाशी बावळटपणा नाही. तिथे आपली मराठी आहे.

मराठीतही हेच नाही का? जुन्या पुस्तकांत 'नाहीं', 'कांहीं' असं डोक्यावर टिंब देऊन लिहीत, न दिलं तर मास्तर ओरडत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ती टिंबं काढली. कालची चूक आज बरोबर झाली. पण 'पानी' म्हणणाऱ्या बाईला आजही हसतात, तहान मात्र दोघींची सारखीच भागते.

शेवटची गोष्ट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटली. १९४८ साली ब्रिटिश सरकारच्या अर्थखात्याच्या सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी एक छोटं पुस्तक लिहिलं. ते कारकुनांसाठी आणि अधिकाऱ्यांसाठी होतं. सामान्य माणसाला सरकारी पत्र समजत नसेल तर दोष लिहिणाऱ्याचा, साधे शब्द वापरा, असा त्याचा सूर. इथे चूक शोधणारी नजर खुर्चीकडे वळली.

आम्ही आता वहीत दोन रकाने केले आहेत. एका रकान्यात अर्थ किंवा पैसा बिघडवणाऱ्या चुका, म्हणजे तारीख, रक्कम, 'पेड' आणि 'पेएबल' यांतला फरक. दिले आणि द्यायचे यांत गल्लत झाली तर गटाचं नुकसान होतं. त्या आधी पाठ करायच्या. दुसऱ्या रकान्यात नुसत्या हसण्यावारी नेल्या जाणाऱ्या चुका. त्या सवडीने सुधारायच्या, पण त्यांच्यापायी थांबायचं नाही. आणि बँकेचं पत्र कळलं नाही तर मान खाली घालायची नाही. "हे मराठीत, सोप्या शब्दांत सांगा," असं सरळ म्हणायचं.

ताईंनी ही वही पाहिली आणि 'फॉर फोर इयर्स' पहिल्या पानावर स्वतःच्या हाताने लिहिलं. येत्या सोमवारी बँकेत त्याच जाणार आहेत, आमच्यापैकी दोघी सोबत असतील. तुमच्या गटातही अशी वही करून बघा.